हातांनी जपलेलं, कानांनी ऐकलेलं

कुपवाडमध्ये राहणाऱ्या माणसाला दोन वास ओळखायला शिकवावे लागत नाहीत. एक हळदीचा आणि दुसरा बेदाण्याचा. तासगावच्या बाजूनं येणारा बेदाणा आमच्याकडच्या शीतगृहांत खोक्यांच्या थप्प्या लावून ठेवलेला असतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले, की त्या भागातून जाऊन आलेल्या माणसाच्या शर्टाला दिवसभर तो वास राहतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण घरोघरच्या मानांकनाला त्याची वाट पाहावी लागली नव्हती. लग्नाला जाताना आमच्याकडून काही न्यायचं तर या दोन गोष्टी न्यायच्या, हे आईच्या वेळेपासून ठरलेलं आहे. ठाण्याला एका लग्नाला निघालो तेव्हाही पिशवीत किलोभर काळा बेदाणा आणि अर्धा किलो हळद होती.

लग्न वडिलांच्या रेल्वेतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या नातीचं होतं. आडनाव कोकणातल्या गावाचं, शेवटी 'कर'. घरातली भाषा मराठी. धर्म ज्यू. मराठी बोलणाऱ्या या ज्यू समाजाला बेने इस्रायल म्हणतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. शनिवारी संध्याकाळी, आकाशात तीन चांदण्या दिसून शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुटल्यावर, मी त्यांच्या घरी पोचलो. नवरीच्या आजींनी पिशवी उघडली. हळदीची पुडी पाहून हसल्या. मग बेदाण्याची मूठ भरून नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "बरं केलंस बाळा. आज रात्री भिजत घालते. उद्या पेल्याला हाच."

हा पेला कसला, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आणि ते कळेपर्यंत त्या लग्नानं मला पाहायला आणि ऐकायला शिकवलं होतं. मिरजेच्या तंबोऱ्यांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला आपल्याला ऐकता येतं असा एक विश्वास असतो. त्या विश्वासानंच मी या विधीकडे एखाद्या बंदिशीकडे पाहावं तसं पाहत गेलो: स्थायी कुठली, अंतरा कुठला, सम कुठे येते. पाहता पाहता एक गोष्ट मनात पक्की झाली. या लग्नातलं जे जे हातांनी करायचं, ते मराठी आहे. जे जे कानांनी ऐकायचं, ते हिब्रू आहे. आणि या समाजाचा सगळा इतिहास या दोन इंद्रियांच्या मधोमध उभा आहे.

तो इतिहास थोडक्यात सांगायला हवा. परंपरा अशी, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेले मृतदेह तिथंच पुरले, वाचलेले कुलाबा जिल्ह्याच्या गावांत पसरले. त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागलं. ग्रंथ समुद्रात गेले होते. भाषा पुढच्या पिढ्यांत गेली. प्रार्थनांमधली ओठांवर राहिली ती एक 'शमा', ईश्वर एक आहे असं सांगणारी. पण मुलाची सुंता आठव्या दिवशी होत राहिली, शनिवारी चूल थंड राहिली, आणि मासळी निवडताना बाईचा हात न चुकता खवले आणि पर असलेल्या माशाकडेच जात राहिला. पुढे दावीद राहाबी नावाचा परदेशी ज्यू आला. त्यानं या बायकांपुढे सगळ्या तऱ्हेची मासळी ठेवली. त्यांनी खवले-पर नसलेली बाजूला सारली आणि त्यावरून त्यानं आपली माणसं ओळखली, अशी कथा आहे. कथेतलं वर्ष कोणतं यावर अभ्यासक भांडोत. मला तिच्यातलं चित्र पुरतं. टोपलीवर वाकलेली एक बाई, आणि तिच्या बोटांना ठाऊक असलेलं धर्मशास्त्र. कान विसरले होते तेव्हा हातांनी जपून ठेवलं.

कानांचं परत येणं हे नंतरचं आहे. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल इझिकेल यांनी मुंबईत 'शाआर हारहमीम' हे बेने इस्रायलांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारलं. समाजातली जुनी माणसं सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. कोचीनहून शिक्षक आले, त्यांनी प्रार्थना आणि चाली शिकवल्या. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी आयुष्यभर बसून हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हरवलेली भाषा अशी पुस्तकांतून, शिक्षकांच्या तोंडून, पाठ करत करत या लोकांच्या कानांत परतली. लग्न पाहताना हे लक्षात ठेवलं, की तिथल्या हिब्रूच्या प्रत्येक शब्दाला एक वेगळी किंमत येते. ती भाषा त्यांना वारशानं आयती मिळालेली नाही. त्यांनी ती मेहनतीनं परत मिळवली आहे.

शनिवारची रात्र मेंदीची. हा भाग सगळा हातांचा. नवरीच्या हातांत हिरवा चुडा, कपाळावरून खाली सोडलेला फुलांचा शेरा, भोवती बायका. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या घरच्या लग्नात आपण बसलो आहोत असं वाटावं, इतकं सगळं ओळखीचं. मेंदी नवरीच्या तळहातावर चढते, आणि नवऱ्याच्याही उजव्या हाताच्या तर्जनीला लावतात. जुन्या लग्नांत हळद लागे, मांडव पडे, नवरा घोड्यावरून वाजतगाजत सिनेगॉगला जाई. साखरपुड्याला साखरपुडाच म्हणत आणि अजूनही म्हणतात. आजींनी माझ्या पुडीतली चिमूटभर हळद एका वाटीत काढली आणि जाता जाता नातीच्या गालाला बोट लावलं. कुणी मंत्र म्हटला नाही, कुणी थांबून पाहिलंही नाही. म्हातारीच्या बोटाला जे येत होतं ते तिनं केलं.

त्याच रात्री मलिदा झाला. 'मलिदा' हा शब्द आमच्या भागात पीराच्या उरुसाशी जोडलेला. चपाती कुस्करून तिच्यात गूळ-तूप मळलं, की तो मलिदा. बेने इस्रायलांचा मलिदा पोह्यांचा. एका मोठ्या ताटात भिजवून मोकळे केलेले पोहे, त्यांत खवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम, बेदाणे. भोवती फळं मांडलेली, मध्ये गुलाब. ताट एलियाहू हन्नाबीच्या नावानं ठेवतात. हा बायबलातला संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर त्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी या समाजाची श्रद्धा आहे. कोकणातला कातळ आणि बायबलातला रथ त्यांनी एकत्र आणला, आणि ती भेट साजरी करायला पोहे घेतले. घरात काही चांगलं घडलं, नवस फेडायचा असला, लग्न ठरलं, की मलिदा होतो.

या ताटाजवळ मी जरा रेंगाळलो, कारण हात आणि कान पहिल्यांदा भेटतात ते इथे. प्रार्थना म्हणणारा माणूस एकेक पदार्थ उचलतो आणि त्या त्या पदार्थाचा आशीर्वाद म्हणतो. झाडावर येणाऱ्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, सुवासाचा आणखी वेगळा. खजूर उचलला तर एक वाक्य, केळं उचललं तर दुसरं. केळीला आपण झाड म्हणतो, पण तिला लाकडाचं खोड नसतं आणि घड दिल्यावर ती संपते. म्हणून शास्त्रानं तिचं फळ जमिनीच्या फळांत धरलं आहे. केळीच्या बागांत फिरलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे पटेल. त्या क्षणी मला या धर्माची वृत्ती समजली. आभार मानायचे तर घाऊक मानायचे नाहीत. हातात काय आहे ते नीट पाहायचं, ते कुठून आलं ते आठवायचं, आणि मग त्याचंच नाव घेऊन आभार मानायचे. हातातल्या फळाला कानातला शब्द मिळाला, की मगच ते तोंडात जातं.

रविवारी सकाळी सिनेगॉग. ठाण्याचं 'शाआर हाशमाईम', म्हणजे स्वर्गाचं दार, १८७९ पासून उभं आहे. पाहुण्यानं इथे काय करायचं ते सोपं आहे. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर दारात मिळते. बायकांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यायची. आत मूर्ती नाही, चित्र नाही. एका भिंतीत पडद्याआड हेखाल, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवलेलं कपाट. मधोमध कठड्याचा लाकडी चौथरा, त्याला तेबा म्हणतात. डोळ्यांना गुंतवील असं फारसं काही ठेवलेलंच नाही. देवळात आपण दर्शनाला जातो, तिथे डोळ्यांचं काम असतं. इथे आलेला माणूस ऐकायला येतो. त्या रिकाम्या भिंतींनी मला सांगितलं, की आता कान उघडे ठेव.

आणि मग या लग्नातला मला सर्वांत सुंदर वाटलेला क्षण आला. नवरा तेब्यावर उभा होता. दारात नवरी आली, पांढऱ्या साडीत, चेहऱ्यावर झिरझिरीत पडदा. तिला पाहून नवरा गाऊ लागला.

गाणं हिब्रू आहे. पहिल्या शब्दावरून त्याला 'योनाती' म्हणतात, म्हणजे माझी कबुतरी, माझी पारवी. बेने इस्रायलांच्या लग्नाची ही खास ओळख आहे. इतर ठिकाणच्या ज्यू लग्नांत नवरी नवऱ्याभोवती सात फेरे घालते, किंवा दोघांना खुर्च्यांवर बसवून उचलतात. सिनेमांत आपण तेच पाहिलेलं असतं. इथे नवरी येते आणि नवरा गातो. साथीला वाद्य नाही, तंबोरा नाही, पेटी नाही. हझान म्हणजे प्रार्थना चालवणारा गायक आणि जमलेली माणसं सूर धरतात, पण गाणं नवऱ्याचं. आमचा नवरा कुठल्याशा कंपनीत हिशेबाचं काम करणारा साधा मुलगा. सूर मध्येच घसरला, एका ओळीला आवाज भरून आला, पुढच्या ओळीला सावरला. ती एकेक पाऊल टाकत जवळ येत होती आणि त्या पावलांवरच त्याची लय ठरत होती.

मी आयुष्यभर पक्क्या सुरांचं गाणं ऐकत आलो. मिरजेला उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणात दर्ग्यात जे गाणं होतं, तिथे रात्र रात्र बसलो. सूर लागणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे असं वाटत होतं. पण त्या सकाळी कळलं, की सूर लागतो तो फक्त गळ्याला नाही, प्रसंगालाही लागतो. लग्नात नवऱ्याला सहसा बसवलेलं असतं. भटजी म्हणतील ते म्हण, दाखवतील तिथे हात लाव. या विधीनं त्याला सगळ्या समाजासमोर उभं करून एक अवघड गोष्ट करायला लावली आहे: तुला ही मुलगी हवी आहे ना, मग तुझ्या स्वतःच्या आवाजात तिला बोलाव. आवाज कापला तरी चालेल. कापणाऱ्या आवाजातही त्याची कबुली ऐकू येत होती. शिवाय तो हाक मारतो ती ज्या भाषेत, ती त्याच्या पणजोबांच्या पणजोबांना येत नव्हती. प्रेमाची हाक आणि परत मिळवलेली भाषा एकाच श्वासात ऐकू येते. माझ्या मते या सबंध लग्नाची सम इथे आहे.

ती तेब्यावर पोचली. पुढचा भाग शास्त्राचा, आणि त्याची रचना अतिशय नेटकी आहे. दोन पेले, आणि दोन पेल्यांच्या मध्ये एक कागद.

पहिल्या पेल्यावर आशीर्वाद झाला. पेल्यात द्राक्षारस. आणि इथे आजींच्या बोलण्याचा उलगडा झाला. कोकणात या समाजाला पुरेसा शुद्ध द्राक्षारस मिळणं अवघड होतं. म्हणून त्यांनी काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, कुस्करायच्या, गाळून घ्यायच्या आणि ते सरबत पेल्यात ओतायचं, अशी तोड काढली. शुक्रवार संध्याकाळच्या पेल्यातही घरोघर तेच असतं. द्राक्ष वेलीवरचं असो की वाळलेलं, ते द्राक्षच. शास्त्राला ते चालतं. चांदीच्या त्या पेल्यात माझ्या जिल्ह्याचं ऊन होतं. आमच्याकडे द्राक्षाचा घड रॅकवर सावलीत वाळतो आणि त्याचा बेदाणा होतो. आदल्या रात्री तोच बेदाणा पाण्यात पडून पुन्हा द्राक्षाचा रस झाला होता. वाळलेल्यातून रस परत येऊ शकतो, हे त्या समाजाहून जास्त कोणाला ठाऊक असणार?

मग अंगठी. ती साधी असावी लागते, खडा नसलेली, म्हणजे तिच्या किमतीविषयी नवरीची फसगत होणार नाही. आणि ती नवऱ्याच्या स्वतःच्या मालकीची असावी लागते. ती घालतात नवरीच्या उजव्या हाताच्या तर्जनीत. हे बोट सर्वांत जास्त हालतं आणि साक्षीदारांना स्पष्ट दिसतं. नात्यातले नसलेले दोन साक्षीदार शेजारी उभे राहून पाहतात. नवरा हिब्रूत एक वाक्य म्हणतो आणि ती त्याची होते. मी पाहत होतो ती बोटं. त्याच्या तर्जनीवर आदल्या रात्रीच्या मेंदीचा तांबूस डाग होता आणि त्या बोटानं तो तिच्या रंगलेल्या तर्जनीत अंगठी सरकवत होता. कोकणानं दिलेली मेंदी आणि तोराच्या परंपरेतली अंगठी एका बोटावर येऊन टेकली. पुढे नवरीच्या गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्रही येतं. आपण काय मिसळलं, काय वेगळं ठेवलं, याचा हिशेब या समाजाला कधी मांडावा लागला नाही. तो त्यांच्या अंगावर लिहिलेला असतो.

आता कागद. त्याला कतुबा म्हणतात. मूळ भाषा अरामी. हझान तो मोठ्यानं वाचतो आणि सगळे उभे राहून ऐकतात. मला वाटलं होतं, की यात प्रेमाबद्दल काही असेल. कतुबा हा चोख करारनामा आहे, आणि तो एका बाजूनं बांधणारा आहे. नवरा काय काय देणं लागतो, तेवढंच त्यात आहे. तो तिला जेवू घालील, नेसू घालील, नवऱ्याचं कर्तव्य करील. घटस्फोट झाला किंवा तो गेला, तर तिला अमुक रक्कम मिळेल. बेने इस्रायलांच्या जुन्या कतुब्यांत ही रक्कम रुपयांत लिहिलेली सापडते. अरामीच्या काटेकोर ओळींत मध्येच रुपये येतात, कोकणातल्या गावांची नावं येतात, आणि कडेला रंगीत वेलबुट्टी. वाचून झाल्यावर कागद नवरीच्या हाती देतात. त्याची मालकी तिची. लग्नाच्या ऐन मध्यावर, दोन पेल्यांच्या मध्ये, सबंध समाजाच्या कानांवर बाईचा हक्क मोठ्यानं घातला जातो. गाण्यानंतर कागद येतो, हे मला फार आवडलं. गाणं म्हणतं मला तू हवीस, कागद म्हणतो मी तुझं देणं लागतो. दोन्ही ऐकल्याशिवाय लग्न पुरं होत नाही.

या नेटक्या विधीबद्दल एकदा फार मोठी शंका घेतली गेली, हे इथे सांगितलंच पाहिजे. १९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुतेक जण इस्रायलला गेले. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यांची इतर ज्यूंशी लग्नं लावायला नकार दिला. शतकानुशतकं दूर राहिलेल्या या समाजात घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का, असं त्यांचं म्हणणं. मुख्य रब्बींच्या आदेशानुसार बेने इस्रायल वधू-वरांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी होऊ लागली. या लोकांनी ते मुकाट्यानं सोसलं नाही. १९६४च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि त्या ऑगस्टमध्ये बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत असं सरकार आणि संसदेनं स्पष्ट केलं. रब्बींनाही आदेशातला त्यांचा खास उल्लेख काढावा लागला. ज्यांच्या पूर्वजांनी ग्रंथ हाताशी नसताना बोटांच्या सवयीवर धर्म राखला, त्यांना लग्नाच्याच दारात उभं करून विचारलं गेलं, की तुम्ही आमचे कशावरून? हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. तेब्याजवळ उभं राहून कतुबा ऐकताना वाटलं, की याचं उत्तर इथे दर लग्नात मोठ्यानं वाचलं जातं.

दुसरा पेला सात आशीर्वादांचा. त्यासाठी दहा प्रौढ ज्यू पुरुष हजर असावे लागतात. भारताच्या २०११च्या जनगणनेत ज्यूंची संख्या ४,६५० आहे. छोट्या गावांच्या सिनेगॉगमध्ये दहा माणसं जमवायला मुंबई-ठाण्याहून गाडी करावी लागते. त्या दिवशी ठाण्यात माणसं भरपूर होती. तरी एका वृद्ध गृहस्थांनी सवयीनं नजर फिरवून मोजलं. मी पाहुणा, त्या दहांत माझी गणती नव्हती. पण कुणीतरी मोजतं आहे, आपल्या असण्यावर कुणाचा तरी आशीर्वाद अडून आहे, हे किती मोठं आहे, ते मला त्या नजरेतून कळलं. आमच्या लग्नांत हजार माणसं असतात, आणि एक आलं नाही तरी अडत नाही.

आशीर्वादांचा क्रम पाहण्यासारखा आहे. पहिला फक्त रसाचा. मग सृष्टीचा. मग माणसाच्या निर्मितीचा. मग उजाड झालेल्या सियोन नगरीला तिची लेकरं परत मिळोत, असा. मग एदेनच्या बागेतल्या पहिल्या जोडप्यासारखा आनंद या दोघांना मिळो. विश्व, माणूस, नगर, बाग असं करत आशीर्वाद उतरत उतरत या दोन माणसांपाशी येतात. आणि सातवा सगळ्यांत लांब. त्यात आनंदाचे शब्द एकापुढे एक रचलेले आहेत: हर्ष, गाणं, उल्हास, प्रेम, बंधुभाव, शांती, मैत्री. यिर्मया संदेष्ट्यानं ओसाड जेरुसलेमला दिलेल्या वचनाचा धागा इथे येतो. या नगराच्या रस्त्यांत पुन्हा आनंदाचा आवाज ऐकू येवो, नवऱ्याचा आवाज, नवरीचा आवाज. मला अर्थ सांगणाऱ्या काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या 'आवाज' म्हणाल्या आणि मी तेब्याकडे पाहिलं. प्रार्थनेला पुन्हा वसलेलं नगर डोळ्यांनी पाहायचं नव्हतं, ऐकायचं होतं. गाव वसलं आहे याची खूण कोणती? तिथल्या गल्लीतून लग्नाचा आवाज येतो. आणि काही मिनिटांपूर्वी याच जागी एका नवऱ्याचा आवाज कापत कापत उमटला होता.

मग काचेचा एक पेला फुटला. कापडात गुंडाळलेली काच नवऱ्यानं पायाखाली चिरडली. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं, त्याची ही आठवण. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात याचं एक जुनं मूळ सापडतं. मार बर राविना नावाच्या पंडितानं मुलाच्या लग्नात पाहुणे फार उधळले आहेत असं पाहून चारशे झूझ किमतीचा एक मौल्यवान पेला आणवला आणि सगळ्यांसमोर फोडला. सारे गंभीर झाले. आपल्या काव्यशास्त्राला शृंगारात करुण मिसळणं अवघड वाटतं. एक दुसऱ्याला मारतो, अशी भीती असते. इथे तो करुण अर्ध्या क्षणाचा ठेवला आहे. काच फुटते, तेवढाच. त्यातून शृंगार विझत नाही, पण त्याला खोली येते. दोघांचं घर आज उभं राहिलं, तेव्हा पडलेल्या घराचं नाव घेऊन पुढे चला. फुटण्याचा आवाज झाला आणि त्याच क्षणी सगळ्यांनी 'मझल तोव' म्हणून आरोळी दिली. दुःख आणि आनंद यांच्यात एका श्वासाचंही अंतर नव्हतं.

जेवणाबद्दल लांबण लावत नाही, पण एक गोष्ट सांगतो. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधातला, आणि मटण झालं म्हणून पुढे श्रीखंड-बासुंदी काही नाही. मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. गोडातही नारळाचं दूधच. कोकणात राहूनही पानात कोळंबी नाही, कारण तिला खवले नाहीत. धर्मानं गाईचं दूध बंद केलं तिथे कोकणानं माड पुढे केला. या स्वयंपाकाची चव त्या जागेतून येते. वाढणाऱ्या काकूंना मी विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या हाताला तसंच येतं." पुन्हा हात.

निघायची वेळ झाली. सिनेगॉगच्या पायरीवर आजी उभ्या होत्या. बेने इस्रायलांत प्रार्थना संपल्यावर एकमेकांना भेटायची एक रीत आहे, हातबोशी. समोरच्याचे हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, सोडायचे, आणि मग आपली बोटं ओठांना लावायची. आजींनी माझे हात धरले. त्यांच्या बोटांना अजून हळदीचा पिवळेपणा होता, आणि भिजल्या मनुकांचा आंबटगोड वास. त्यांनी हात सोडले, स्वतःची बोटं ओठांशी नेली आणि हिब्रूत काही पुटपुटल्या. मीही तसंच केलं, थोडं उशिरा. शब्द मला कळला नाही. बोटांना मात्र सगळं कळलं होतं.